पोलिओ लसीकरण, भारतातील

पोलिओ (बालपक्षाघात) या विषाणुजन्य रोगापासून बालकांना संरक्षण देणारी लस व त्यासाठी राबवला जाणारा सार्वजनिक कार्यक्रम. भारतात वन्य (लसीतून न आलेल्या) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाला, व त्यात भारताला, पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

रोग : विषाणूचे १, २ व ३ असे तीन प्रकार आहेत. तो दूषित पाणी, अन्न व हातांमार्फत तोंडावाटे शरीरात शिरतो, आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. बहुतेक मुलांत लक्षणे दिसत नाहीत. सुमारे २०० संसर्गांमागे एका मुलाला कायमचा लुळेपणा येतो. लुळेपणा आलेल्यांपैकी ५ ते १० टक्के रुग्ण श्वसनाचे स्नायू निकामी होऊन दगावतात. रोग बरा करणारे औषध नाही. एक लुळे मूल सापडते तोवर विषाणू शेकडो मुलांपर्यंत पोहोचलेला असतो, म्हणून केवळ रुग्णाच्या घराभोवती लस देऊन भागत नाही.

लसी : जोनस सॉल्क यांची मृत विषाणूंची टोचायची लस १९५५ मध्ये अमेरिकेत वापरात आली. अल्बर्ट सेबिन यांची दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूंची तोंडावाटे द्यायची लस त्यानंतर काही वर्षांत प्रचारात आली. ती स्वस्त आहे, ती द्यायला सुई लागत नाही आणि आतड्यातच प्रतिकार निर्माण होत असल्याने प्रसारही रोखला जातो. भारताने मुख्यतः हीच लस स्वीकारली. तिच्यामुळे क्वचित, सुमारे २७ लाख डोसांमागे एकदा, लुळेपणा येऊ शकतो. टोचायची लस भारतात आधीच आणायला हवी होती, असे मत वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन यांनी मांडले होते. याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

कार्यक्रम : तोंडावाटे द्यायची लस १९७० च्या दशकाच्या अखेरीस नियमित लसीकरणात आली. पल्स पोलिओ मोहिमेची पहिली देशव्यापी फेरी ९ डिसेंबर १९९५ रोजी झाली. ठरलेल्या रविवारी बूथवर पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाला दोन थेंब देणे, डाव्या करंगळीवर शाई लावणे व राहिलेल्या मुलांसाठी पुढील दिवसांत घरोघर जाणे, ही तिची पद्धत. एका राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी मुलांना डोस दिला जाई. हे काम अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व परिचारिका यांनी पायपीट करून पार पाडले.

उत्तर प्रदेश व बिहारमध्ये दाट वस्ती, अस्वच्छता आणि वारंवारच्या जुलाबांमुळे लस कमी लागू पडे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिन्ही प्रकारांच्या एकत्रित लसीचा एक डोस प्रकार १ विरुद्ध उत्तर प्रदेशात ९ टक्के, तर उर्वरित भारतात २१ टक्के परिणामकारक होता. लस अशी कमी लागू पडत असल्याने २००५ पासून एका प्रकाराची, तर २०१० पासून प्रकार १ व ३ यांची द्विगुणी लस वापरली गेली. दोन्ही राज्यांतील १०७ तालुकावजा विभागांवर विशेष भर देण्यात आला. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ४२ आणि २०११ मध्ये एक.

सर्वेक्षण : लस पोहोचली की नाही, याची खरी परीक्षा प्रयोगशाळेत होते. १९९७ पासून १५ वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडल्यास, कारण कोणतेही वाटले तरी, १४ दिवसांच्या आत व किमान २४ तासांच्या अंतराने विष्ठेचे दोन नमुने घेतले जातात आणि शीतपेटीतून प्रयोगशाळेत पाठवले जातात. मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारातील एंटरोव्हायरस संशोधन केंद्र ही या जाळ्यातील प्रमुख प्रयोगशाळा होय. विषाणूच्या जनुकीय क्रमावरून तो कोठून आला, हे तेथे ठरवता येते.

लक्षणे नसलेल्या मुलांतील विषाणू शोधण्यासाठी २००१ मध्ये मुंबईत सांडपाण्याची तपासणी सुरू झाली. शहरात रुग्ण नसतानाही धारावीसारख्या वस्त्यांच्या गटारांतून वन्य विषाणू सापडला, आणि त्याचे नाते उत्तर भारतातील विषाणूंशी जुळले. त्यामुळे स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना डोस देणे हा मोहिमेचा अविभाज्य भाग झाला. पुढे हीच पद्धत दिल्ली व इतर शहरांत नेण्यात आली.

सद्यःस्थिती : वन्य प्रकार २ व ३ जगातून नष्ट झाल्याचे अनुक्रमे २०१५ व २०१९ मध्ये जाहीर झाले. प्रकार १ पाकिस्तान व अफगाणिस्तानात टिकून आहे. भारतात जन्मतः तसेच ६, १० व १४ आठवड्यांनी तोंडावाटे डोस, ६ व १४ आठवड्यांनी आणि ९ महिन्यांनी टोचणी व १६ ते २४ महिन्यांत बूस्टर दिला जातो.

पुनर्वसन : लुळेपणा आलेल्यांसाठी कॅलिपर, शस्त्रक्रिया व व्यायामोपचार यांचा उपयोग होतो.

महत्त्व : लसीकरण कमी पडलेल्या वस्तीत लसीतील दुर्बल विषाणूही मुलांमुलांतून फिरत बदलतो आणि पुन्हा लुळेपणा आणू शकतो. गाझामध्ये जुलै २०२४ मध्ये सांडपाण्यात असा प्रकार २ विषाणू आढळला. पुढच्याच महिन्यात तेथे २५ वर्षांतील पहिल्या रुग्णाची नोंद झाली. त्यामुळे रुग्ण दिसत नाहीत, हे लस थांबवण्याचे कारण होऊ शकत नाही. जगातील शेवटचा विषाणू नष्ट होईपर्यंत प्रत्येक नवजात बालकाला पूर्ण डोस मिळालेच पाहिजेत.