ओतशाळेतले नियतकालिक

बजाजनगरच्या कामगार घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांना 'किर्लोस्कर' मासिकाविषयी शिकवताना आम्हांला एक विसंगती जाणवते. भट्टी, साचा, ओतीव हे शब्द त्यांच्या घरचे असतात. पण आपला वाङ्मयेतिहास त्या मासिकामागील ओतशाळेला तळटीपेपलीकडे जागा देत नाही.

ही ओतशाळा गिरण्यांच्या आश्रयाने वाढली नाही, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेली मुंबईची सूतगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. १८८९ साली औरंगाबादेतही गिरणी उभी राहिली. मुंबईच्या गिरण्यांची यंत्रे आणि वाफेची इंजिने मात्र प्रामुख्याने इंग्लंडहून येत. तिथे बोल्टनमध्ये बेंजामिन हिक यांनी मुलांसह १८३३ साली काढलेल्या 'सोहो' कारखान्यासारख्या घराण्यांच्या ओतशाळा गिरण्यांच्या शेजारीच फोफावल्या होत्या. मुंबईच्या मॅनेजिंग एजंटांना अनेकदा यंत्रखरेदीवरही दलाली मिळे. देशी इंजिने घडवून घेण्याची निकड त्यांना कशी भासावी?

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवीत. हक्काची बढती डावलली गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावात, सायकलींच्या दुकानापासून सुरू झालेल्या व्यवसायात, कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर घडवले. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मीळ झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. तोफेचा नांगर होणे ही प्रतिमा कवीला सुचावी अशी. इथे ती गरजेपोटी घडली.

परंतु लोखंडाहून कठीण होते ते गिऱ्हाईक. लोखंडी फाळाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. बोल्टनच्या ओतशाळेचे गिऱ्हाईक दाराशी उभे होते. किर्लोस्करांना ते शब्दांनी घडवावे लागले. १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी सुरू केलेल्या 'किर्लोस्कर खबर'चे मूळ आम्हांला या गरजेत दिसते. कारखान्याची वार्ता देणारे ते पत्र पुढे मराठी मध्यमवर्गाचे मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' त्याच घरातून निघाली.

रूढीला प्रश्न विचारणारे, सोपे आणि पटवून देणारे हे गद्य केवळ सुधारकांच्या ग्रंथांतून आले, असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. नांगर विकताना अंधसमजुतीशी वाद घालावाच लागला होता. त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे, की पटवण्यात विक्री होतीच. ही मासिके वाचकाला नागरिक मानत होती की ग्राहक? मराठी प्रबोधनात ही दोन माणसे एकाच साच्यातून निघाली, असे आम्हांला वाटते. तो साचा तपासायचा, तर ग्रंथालयाइतकीच ओतशाळाही वाचायला हवी. आणि त्या वाचनात आमचे बजाजनगरचे विद्यार्थी आमच्या दोन पावले पुढे असतील.