पुढची चटई

आमच्या रत्नागिरीच्या देवळात मोठी माणसं बाकांवर, पोरं पार मागे, असा शिरस्ता. उपदेश चालू असताना धाकटा रडला, की आईने त्याला घेऊन पडवीत जायचं. पाऊस असला तरी. मंडळीतले एक वडील नुसते वळून बघायचे, तेवढं पुरे.

आजीला ते पटेना. "टिळकांची भजनं मग म्हणायची कुणी, खांबांनी?" नारायण वामन टिळक आमच्याच जिल्ह्यातले. १८६१ साली करजगावात जन्मले, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. विलायती चालींच्या गीतांशेजारी त्यांनी आपल्या वळणाची भजनं आणि कीर्तन आणून बसवलं. मुलांसाठीही कविता लिहिल्या. गीताला पुस्तक हातात लागतं. भजनाचं धृवपद अक्षर न येणारं पोरही उचलतं. म्हाताऱ्यांचंही तेच म्हणा!

त्या नाताळात आजीने थेट पुढे चटई अंथरली. तान्ही मांडीवर, शाळकरी झांजांना, मिसरूड फुटलेले ढोलकीला. धाकट्याला पाच वर्षांचा होऊनही धड बोलता येत नव्हतं. टाळ मात्र चुकला नाही.

वडील काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी गेलो, तर चटई अंथरलेलीच होती.