परळचं तूप, पिंपरीचे घोडे

१८९६च्या अखेरीस मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत काचेचे मोठाले चंबू मांडलेले होते. आत बकऱ्याच्या मटणाचा पातळ रस्सा आणि वर तरंगणारे साजूक तुपाचे थेंब. प्रत्येक थेंबाखालून वडाच्या पारंब्यांसारखे पांढुरके धागे रश्शात लोंबत. ती प्लेगच्या जंतूंची वाढ. चंबू हलवला की पारंब्या तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली नव्या फुटत. असं पाच-सहा वेळा, सुमारे सहा आठवडे चाले. मग तासभर उष्णता देऊन जंतू मारायचे, थोडं कार्बॉलिक अ‍ॅसिड घालायचं, की लस तयार.

हा खटाटोप करणारा माणूस होता वाल्देमार हाफकिन. ओडेसात जन्मलेला ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये घडलेला. १८९२ साली त्यानं कॉलऱ्याची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ती घेऊन तो हिंदुस्थानात आला. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीतले रोगी तपासून डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं आणि सरकारची धावपळ सुरू झाली. हाफकिनला कलकत्त्याहून मुंबईत बोलावण्यात आलं. त्याच्या दिमतीला मिळालं काय, तर एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई.

मटण बकऱ्याचं का, यामागे शास्त्र कमी आणि शहाणपण जास्त होतं. युरोपातल्या प्रयोगशाळांत जंतूंचा नेहमीचा खुराक म्हणजे गाईच्या मांसाचा रस्सा. तो मुंबईत वापरला असता तर लशीची वार्ता अफवा होऊनच चाळीचाळींत पोचली असती. लोकांच्या संशयाशी कशी गाठ पडते, याचा अनुभव हाफकिनला बंगालमध्ये आला होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्यानं प्लेगची लसही आधी स्वतःच्या अंगात घेतली, नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत. ताप आला, टोचलेली जागा ठणकली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा सुमारे निम्म्या कैद्यांनी आपणहून लस टोचून घेतली. न घेतलेल्यांत रोगी आणि मृत्यू स्पष्टपणे जास्त निघाले. पुढे तरुण आगाखानांनी अनुयायांसमोर स्वतः लस घेतली आणि हाफकिनला कामासाठी जागाही देऊ केली.

याच वर्षी पुण्यात झडत्या, रोग्यांची उचलाउचल आणि मग २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळ्या हा सारा इतिहास मराठी वाचकाला पाठ असतो. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, त्याही याच वर्षी, १० मार्चला. या कोलाहलात हाफकिनच्या लशीची गोष्ट मागे पडते, आणि ते जरा अन्यायाचं आहे. रँडच्या सोजिरांना दार उघडण्यावाचून लोकांना गत्यंतर नव्हतं. लस घ्यायची की नाही, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं होतं.

१८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हलली. १८८०च्या दशकात गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी या बंगल्यात कॉलऱ्यानं दगावली. पुढे गव्हर्नरांनी मलबार पॉइंट जवळ केलं आणि साथीनं ओस पडलेलं घर साथींचाच अभ्यास करणाऱ्यांच्या हाती आलं. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या. १९२५ साली संस्थेला हाफकिनचं नाव मिळालं. त्याला मुंबई सोडून तोवर बरीच वर्षं झाली होती, आणि तो काही सुखासुखी गेला नव्हता.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. मात्रांची मागणी भागवण्यासाठी परळला लस बनवण्याच्या पद्धतीत बदल झाला होता, त्यात कार्बॉलिक अ‍ॅसिड वगळलं होतं. सरकारी चौकशीनं बोट परळकडे दाखवलं. हाफकिनचं पद गेलं. खरं तर गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला होता, ही साक्ष कागदावर होती. हे जाहीरपणे मांडायला १९०७ साल उजाडावं लागलं, आणि ‘द टाइम्स’मधल्या त्या पत्रावर पहिली सही होती मलेरियाचा मार्ग शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांची. हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आला, पण कलकत्त्याला, आणि पूर्वीचा अधिकार त्याला परत मिळाला नाही.

मलकोवालची आठवण इथे एका कारणासाठी. लशीचा शोध एकदा लागतो. ती बनवावी मात्र रोज लागते. प्रत्येक घाण्याला तीच शुद्धता, प्रत्येक बाटलीला तीच ताकद. सजीवांकडून औषध करून घेण्याच्या या धंद्यात सगळी मेख इथेच आहे, कारण जंतू, घोडा किंवा माणसाची पेशी यांपैकी कुणीही ठरावीक साच्यातून बाहेर पडत नाही.

घोड्यांचं प्रकरण युरोपात सुरू झालं. घटसर्पाचं किंवा धनुर्वाताचं विष प्राण्याला थोडं थोडं देत गेलं की त्याच्या रक्तात उतारा तयार होतो, हे बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० साली बर्लिनमध्ये दाखवलं. फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेतनं १८९५च्या सुमारास हीच युक्ती सापाच्या विषाला लावली. घोडा निवडला गेला तो सोयीसाठी. अंगानं मोठा, रक्त भरपूर, माणसाळलेला. पण नागाच्या विषावर तयार केलेला उतारा घोणशीच्या दंशाला चालेना. म्हणून भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांची विषं एकाच घोड्याला टोचून चौघांवर चालेल अशी लस करण्याची पद्धत रुळली. हाफकिन संस्था या कामातलं देशातलं मोठं नाव. १९३२ साली संस्थेचे पहिले भारतीय संचालक झालेले साहिब सिंग सोखी हे औषधं देशातच आणि स्वस्तात बनली पाहिजेत या मताचे कट्टर. राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं.

संस्थेतून वेगळ्या काढलेल्या हाफकिन बायो-फार्मास्युटिकल महामंडळाचे घोडे पिंपरीला असतात. घोड्याला सुरुवातीला अगदी किंचित विष टोचतात आणि काही आठवड्यांत मात्रा वाढवत नेतात. रक्तात पुरेसा उतारा तयार झाला की मानेच्या शिरेतून रक्त काढतात. आता रक्तातला पिवळसर द्रव वेगळा करून तांबड्या पेशी घोड्याला परत देतात, म्हणजे त्याला अशक्तपणा येत नाही. द्रवातली प्रतिपिंडं पेप्सिननं तोडून घ्यायची, कारण घोड्याची प्रथिनं जितकी कमी जातील तितकी रोग्याच्या अंगावर उठणारी प्रतिक्रिया सौम्य. शेवटी ती गोठवून सुकवायची. दवाखान्यात हातात येते ती पांढऱ्या भुकटीची कुपी. डॉक्टर तिला सरळ एएसव्ही म्हणतात.

या कुपीच्या वेष्टनावरचे आकडे वाचण्यासारखे असतात. १ मिलिलिटर लस नागाचं किंवा घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यार किंवा फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करते. कुपी १० मिलिलिटरची, म्हणजे एका कुपीत घोणशीचं ६ मिलिग्रॅम विष विरतं. घोणस एका दंशात याच्या कितीतरी पट विष सोडू शकते. म्हणूनच सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या चढवाव्या लागतात, तेही अ‍ॅड्रेनालिन हाताशी ठेवून. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावली, असा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांना मृत्यू खेड्यात आला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये दहा कुप्या आहेत की दोन, यावर किती जीव टांगलेले असतात ते यावरून लक्षात यावं.

विंचवाची कथा कोकणातली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध वापरून दाखवलं आणि तरण्याताठ्या माणसांचे जीव वाचू लागले. पण ते तिथे थांबले नाहीत. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात ७० रोगी होते. नुसतं प्राझोसिन घेतलेल्यांपेक्षा प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरची लसही दिलेले रोगी बरेच लवकर सावरले. गोळी आणि घोड्याचं रक्त, दोन्ही लागतात, हे एका तालुक्याच्या गावातून जगाला कळलं.

परळच्या संस्थेला घोडे पुरवणाऱ्यांत पुण्याचं पूनावाला घराणं होतं. शर्यतीतून निवृत्त झालेली जनावरं हडपसरच्या त्यांच्या फार्मवरून मुंबईला जात. आपलेच घोडे देऊन आपण फक्त घोड्याची किंमत घेतो, खरी किंमत तर त्याच्या रक्ताला आहे, हा हिशेब सायरस पूनावाला यांनी मांडला आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. पहिलं उत्पादन धनुर्वातावरचं सीरम. मग त्रिगुणी लस, गोवराची लस, आणि पुढे मात्रांच्या संख्येनं जगातला सर्वांत मोठा कारखाना. कोव्हिशील्डमुळे हे नाव घरोघर गेलं. तरी या कारखान्याचं सर्वांत उजवं काम बहुधा आफ्रिकेतलं. मेंदूज्वराच्या ‘अ’ प्रकारावरची मेनआफ्रीव्हॅक ही लस डिसेंबर २०१०मध्ये बुर्किना फासोत देण्यास सुरुवात झाली, एका मात्रेला अर्ध्या डॉलरहून कमी दरानं. किंमत आधी ठरली आणि त्या किमतीत बसेल अशी लस नंतर घडवली गेली. औषधांच्या धंद्यात असं उलटं गणित क्वचितच मांडलं जातं.

दरम्यान जनुकं कापण्याजोडण्याची विद्या आली आणि प्राण्यांची बरीचशी नोकरी जंतूंकडे गेली. डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून निघणाऱ्या इन्सुलिनची जागा १९८२ पासून जंतूंनी बनवलेल्या मानवी इन्सुलिननं घ्यायला सुरुवात केली. काविळीच्या ‘ब’ प्रकारावरची लस यीस्टमध्ये होऊ लागली. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं ती भारतात बनवली, तेव्हा आयात लशीचे भाव कोसळले.

आणि मग पाळी आली खुद्द रोग्याच्या पेशींची. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, भारतातला पहिला कार-टी उपचार झाला. पेशी घडवल्या होत्या आयआयटी मुंबईत, राहुल पुरवार यांच्या गटानं. रोग्याच्या रक्तातून पांढऱ्या पेशी यंत्रानं वेगळ्या काढतात आणि उरलेलं रक्त त्याला परत देतात. पिंपरीच्या घोड्याशी होतो तसाच हा व्यवहार. टी-पेशींत दात काढून घेतलेल्या विषाणूच्या साहाय्यानं एक नवं जनुक घालतात. त्यामुळे पेशीच्या अंगावर असं टोक उगवतं, जे रक्ताच्या काही कर्करोगांतल्या पेशींवरचं सीडी१९ हे प्रथिन ओळखून तिथेच धरतं. पेशी वाढवायच्या, गोठवायच्या, आणि रोग्याला सलाइनसारख्या पुन्हा चढवायच्या. पुढचे काही दिवस जोखमीचे असतात, कारण कामाला लागलेल्या पेशी कधीकधी अंगात ज्वराचं थैमान घालतात.

इथे प्रत्येक रोगी हा स्वतंत्र घाणा असतो. एकासाठी केलेलं औषध दुसऱ्याला चालत नाही, म्हणून भाव उतरवणं फार कठीण. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या कार-टी उपचाराचा भाव होता ४ लाख ७५ हजार डॉलर. आयआयटीतून निघालेल्या इम्युनोअ‍ॅक्ट या कंपनीच्या नेक्सकार१९ला ऑक्टोबर २०२३मध्ये भारतात मान्यता मिळाली, सुमारे ४० लाख रुपयांत. जनुक वाहून नेणारा विषाणू आयात न करता इथेच बनवला, हे त्या फरकामागचं एक मोठं कारण. फरक जबरदस्त आहे, पण ४० लाख म्हणजे सातबारा विकूनही अनेकांना न जमणारी रक्कम. अभ्यासात सुमारे तीन-चतुर्थांश रोग्यांना उपचाराचा गुण आला. म्हणजे एवढा पैसा ओतूनही चौथ्याच्या पदरी काही पडेल याची हमी नाही.

घोड्यांना निवृत्त करण्याचे प्रयत्नही जोरात आहेत. बेंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि अमेरिकेतली स्क्रिप्स रिसर्च यांनी २०२४ साली घोड्याविना, प्रयोगशाळेत घडवलेलं एक प्रतिपिंड जाहीर केलं. नाग आणि मण्यार यांच्या कुळातले साप नसा लुळ्या पाडणारं जे विष सोडतात, त्यावर ते उंदरांमध्ये चाललं. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड बेकर यांच्या गटानं याच प्रकारच्या विषाला अडवणारी, संगणकावर आराखडा काढलेली छोटी प्रथिनं प्रसिद्ध केली. घोणस आणि फुरसं मात्र प्रामुख्यानं रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडवतात. त्यांच्या विषात प्रथिनांचा मोठा गोतावळा असतो आणि एका प्रतिपिंडानं तो आवरत नाही. त्यामुळे तालुक्याच्या दवाखान्यात आजही फ्रिजमधून निघते ती घोड्याच्या रक्तापासून केलेली भुकटी, आणि तिच्या वेष्टनावर तेच आकडे असतात, ०.६ आणि ०.४५.