लीव्हर यांचें १८४३ चें मूत्रपरीक्षण

गर्भिणीस किंवा बाळंतिणीस येणारे जे आंचके पाश्चात्य वैद्यकांत एक्लॅम्प्सिया या नांवानें ओळखले जातात, ते येण्यापूर्वींच ओळखण्याचा उपक्रम केव्हां झाला, असें विचारल्यास १८४३ हें साल व लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील डॉ. जॉन चार्ल्स वीव्हर लीव्हर यांचें नांव सांगण्याची चाल आहे. आंचके आलेल्या स्त्रियांच्या मूत्रांत त्यांस अल्ब्युमिन आढळलें, हें त्याचें कारण देतात. सालाविषयीं आमचा वाद नाहीं, कारणाविषयीं आहे.

त्याच रुग्णालयांतील रिचर्ड ब्राइट यांनीं १८२७ मध्येंच अंगावरील सूज, मूत्रांतील अल्ब्युमिन व मूत्रपिंडाचा विकार यांचा संबंध दाखविला होता. परीक्षेची रीत अगदीं साधी: चमच्यांत मूत्र घेऊन तें मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवावयाचें, अल्ब्युमिन असल्यास तें दुधासारखें नासतें. आंचके आलेल्या स्त्रियांची सूज ब्राइट यांच्या रोग्यांच्या सुजेसारखी दिसली, म्हणून लीव्हर यांनीं तीच परीक्षा येथें लावली. शिवाय एडिंबरो येथें, क्लोरोफॉर्ममुळें पुढें प्रसिद्धीस आलेल्या सिम्सन यांनींही त्याच सुमारास स्वतंत्रपणें हाच संबंध हेरला होता. तेव्हां केवळ अल्ब्युमिन सांपडलें एवढाच मुद्दा असेल, तर या मानाचे वांटेकरी निदान तीन होतात.

परंतु गाय्ज रुग्णालयाच्या अहवालग्रंथांत छापलेल्या लीव्हर यांच्या त्याच निबंधांत एक नोंद आहे, ती वाचक बहुधा ओलांडून जातात. प्रसूतिवेदना चालू असतां पन्नासांहून अधिक स्त्रियांचें मूत्र काढून त्यांनीं तपासलें. ज्यांना आंचके आले किंवा आंचक्यांचीं सहज ओळखूं येणारीं पूर्वचिन्हें दिसलीं, त्यांखेरीज एकीच्याही मूत्रांत अल्ब्युमिन निघालें नाहीं. एका पोथीवरून पाठ ठरविणारा व दुसऱ्या प्रती ताडून मग बोलणारा यांतील भेद आमच्या वाचकांस सांगावयास नको. रोग्यांपाशींच न थांबतां निरोगी स्त्रियाही तपासणें, आणि आंचके न आलेल्या पण येऊं घातलेल्या स्त्रियांचा वेगळा वर्ग मानणें, हें लीव्हर यांचें खरें काम होय. प्रसूतीनंतर हें अल्ब्युमिन लवकरच नाहींसें होतें, म्हणून हा ब्राइट यांचा रोग नव्हे, हेंही त्यांनीं ताडलें. मात्र ही तपासणी ऐन प्रसूतीच्या वेळची होती. तिला आजच्या अर्थानें आगाऊ तपासणी म्हणणें अतिशयोक्तीचें होईल.

पुढचा भाग त्रोटक सांगतां येतो. १८९६ मध्यें तुरिन येथील रिवा-रोच्ची यांनीं रक्तदाब मोजण्याचें यंत्र प्रसिद्ध केलें, व दुसऱ्याच वर्षीं पॅरिसमध्यें व्हाकेझ व नोबेकूर यांनीं आंचक्यांच्या रोग्यांत तो दाब वाढलेला दाखविला. चिन्हें दोन झालीं, पण निरोगी गर्भिणी वैद्यापुढें येणार कशी? ती वाट एडिंबरोच्या बॅलन्टाइन यांनीं १९०१ मध्यें प्रसूतिपूर्व रुग्णालयाची मागणी करून दाखविली. १९२९ मध्यें ब्रिटिश आरोग्य खात्यानें तपासण्यांचें वेळापत्रक घालून दिलें: सोळावा, चोविसावा व अठ्ठाविसावा आठवडा, मग छत्तिसाव्यापर्यंत पंधरवड्यास एकदां व त्यापुढें दर आठवड्यास. भर सारा शेवटीं, कारण व्याधि उघड होते ती बहुधा शेवटीं.

हा क्रमच उलटा करावा, असें लंडनचे निकोलाईडीस यांनीं २०११ मध्यें मांडलें. अकराव्या ते तेराव्या आठवड्यांतच स्त्रीचा पूर्ववृत्तांत, रक्तदाब, गर्भाशयाच्या धमन्यांतील प्रवाह व वारेंतून रक्तांत येणारीं द्रव्यें एकत्र पाहून धोका वर्तविण्याची ही पद्धति आहे. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, अशा रीतीनें निवडलेल्या स्त्रियांना रोज रात्रीं १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत दिलें असतां, सदतीस आठवड्यांपूर्वीं प्रसूति करावी लागणारा विकार १.६ टक्के स्त्रियांत आढळला; औषधाचा आभास असलेल्या गोळ्या घेणाऱ्यांत तो ४.३ टक्के होता. पूर्ण दिवस भरल्यावर होणाऱ्या विकारांत मात्र तसा फरक पडला नाहीं, आणि त्यासाठीं शेवटच्या आठवड्यांतील रक्तदाब व मूत्र यांची तपासणी अद्याप चालूच आहे.