चिंचोके, शिंपले आणि बालवाडीचं अंगण

फाल्गुन सरत आला की बालवाड्यांमध्ये आवरासावर सुरू होते. गेल्या वर्षीचे कागदी हार उतरतात, खेळाचे कोपरे नव्याने मांडले जातात. हल्ली या मांडणीत वेताच्या टोपल्या, लाकडाच्या चकत्या, सुकी फळं, गुळगुळीत गोटे दिसू लागले आहेत. प्लॅस्टिकच्या भडक पसाऱ्यानंतर ते पाहून डोळ्यांना बरं वाटतं. पण ही कल्पना कालपरवाची नाही, आणि ती आपल्याकडे केवळ परदेशी कॅटलॉगांतून आली असंही नाही. तिच्या वाटचालीतला एक मोठा टप्पा बोर्डीच्या किनाऱ्यावर आणि कोसबाडच्या टेकडीवर पार पडला आहे.

सुरुवात मात्र जर्मनीतली. फ्रीडरिश फ्रोबेल १७८२ मध्ये थुरिंगियाच्या वनराईत जन्मले. वर्षाचे व्हायच्या आतच आई गेली. मोठं होताना त्यांनी एका वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केली. १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला त्यांनी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिचं नाव ‘किंडरगार्टन’ ठेवलं. तिच्या आराखड्यात बाग खरोखरीची होती. मधोमध प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटासा वाफा, भोवताली सगळ्यांचे मिळून फुलांचे आणि भाज्यांचे वाफे. जागा कमी असेल तर दोघांत एक. काठीला लावलेल्या पाटीवर रोपाचं नाव आणि ते लावणाऱ्या मुलाचंही. सामाईक वाफ्यात नेमाने काम करायचं, पण स्वतःच्या वाफ्यात काय आणि कसं पेरायचं ते मुलानेच ठरवायचं. पाणी द्यायला विसरलं तर ते रोपच दाखवून देईल, मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही. मला या साऱ्या इतिहासात ही मोकळीक सर्वांत मोलाची वाटते.

१८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारले आणि १८६० मध्ये बंदी उठली. तोवर त्यांच्या शिष्या ही पद्धत देशोदेशी घेऊन निघाल्या होत्या. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, ठोकळे हे फ्रोबेलचं साहित्य पेटीत मावत होतं, ते सगळीकडे पोचलं. बाग पेटीत मावत नव्हती. शहरांतल्या वर्गखोल्यांत बऱ्याच ठिकाणी ठोकळे राहिले आणि वाफे गळाले.

तरीही माती इकडून तिकडून परत येत राहिली. बर्लिनच्या बागांमध्ये मुलांसाठी वाळूचे ढीग टाकलेले मारी झाक्रझेव्स्का या डॉक्टरबाईंनी पाहिले. त्यांच्या सांगण्यावरून १८८५ च्या सुमारास बॉस्टनच्या दाटीवाटीच्या वस्तीत तसाच ढीग टाकण्यात आला. अमेरिकेतल्या सार्वजनिक क्रीडांगणांचा आरंभ तिथून मानतात. लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब भागात १९१४ मध्ये रेचल आणि मार्गारेट मॅकमिलन या बहिणींनी उघड्यावरची शिशुशाळा काढली. तिचं खरं घर म्हणजे बाग, खोल्या नुसत्या आडोशाला. त्या बागेत दगड, विटा, जुनी भांडी यांचा ढीगही मुद्दाम ठेवलेला असे.

या काळात बालशिक्षणावर सर्वांत गाढ छाप पडली ती मारिया मॉन्टेसरींची. त्यांचं पहिलं बालगृह १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो या कामकरी वस्तीत उघडलं. पण नेमक्या मापाने बनवलेलं त्यांचं साहित्य महाग पडे. १९३१ मध्ये लंडनला त्यांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात बोलताना गांधीजींनी आशा व्यक्त केली, की हे शिक्षण श्रीमंतांच्याच नव्हे तर कंगालांच्या मुलांनाही मिळावं.

ती आशा पुरी करायचं काम ताराबाई मोडकांनी अंगावर घेतलं. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात रुजू झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. आणि १९४५ मध्ये ताराबाई, सोबत अनुताई वाघ, बोर्डीला आल्या. तिथे मुलांना वर्गात बोलावून भागेना. धाकट्या भावंडांना सांभाळणारी, गुरांमागे जाणारी मुलं बालवाडीत येणार कधी? मग बालवाडीच वस्तीवर, घरापुढच्या अंगणात जाऊन बसली. अंगणात लाकडी पेट्या न्यायच्या कुठून? साहित्य तिथेच पडलेलं होतं: शिंपले, गोटे, बिया, पानं, फुलं, काड्या, माती. १९५७ मध्ये काम कोसबाडला हललं आणि गुराख्यांच्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली.

हे गरिबीतून सुचलं असं म्हणून थांबणं मला अपुरं वाटतं. त्या साहित्यात शिकण्याजोगं खूप आहे. ओंजळभर चिंचोके घ्या. दोन चिंचोके अगदी सारखे नसतात, तरी सगळे चिंचोकेच असतात. लहान-मोठे वेगळे करताना मुलाला दरवेळी ठरवावं लागतं, हा इकडे की तिकडे? टरफल घासलं की तपकिरीखालून पांढरा भाग निघतो आणि एका बीला दोन बाजू मिळतात. पाण्यात टाकला तर बुडतो, रात्रभर भिजला तर फुगतो, मातीत खोचला तर उगवतो. प्लॅस्टिकचा मणी यातलं काही करत नाही.

अंगणातल्या त्या बालवाडीचा विचार पुढे सरकारी योजनेत शिरला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव गेली. आहार आणि लसीकरण हे तिचं मोठं काम. त्या ओझ्याखाली खेळाचा कोपरा अनेक ठिकाणी भिंतीवरच्या चित्रांपुरता उरला.

म्हणून या चैत्रात कोपरा नव्याने मांडणाऱ्या ताईंना एवढंच सांगावंसं वाटतं: विकतचा संच आणण्याआधी मुलांना घेऊन गावाबाहेर एक फेरी मारा. पळसाची फुलं पाण्यात घालून रंग काढता येतो. कुसुमाची लालभडक पालवी हळूहळू हिरवी होते, मुलांनी ती रोज पाहावी. सावरीची बोंडं फुटून कापूस उडतो. किनारपट्टीला सुरूची फळं आणि शिंपले हवे तेवढे. गुंजा मात्र दिसायला कितीही देखण्या असोत, टोपलीत नकोत, त्या विषारी असतात, कण्हेरही नको. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती बारीक बिया देऊ नयेत, नाकातोंडात जातात. मुलांनी गोळा केलेलं शोभेच्या फळीवर उंच ठेवलं तर ते वाया गेलं. ते जमिनीवर, हाताशी हवं.

अलीकडे अंगणवाड्यांत पोषण वाटिका लावतात. फ्रोबेलची बाग आहाराच्या वाटेने परत आली म्हणायची. पण तिथे पेरतात, राखतात ते मोठेच. तिच्या कडेला मुलांसाठी निराळे वाफे हवेत, पाटीवर त्यांच्या नावांसकट. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, तेव्हा बुडाला भोक असलेलं जुनं घमेलं सावलीत ठेवलं तरी चालेल. पहिल्यांदा मेथी पेरावी. ती तीन-चार दिवसांत वर येते, आणि चार वर्षांच्या मुलाला तेवढी वाट पाहणं जमतं. चवळी आणि मका त्यानंतर.