किटली आणि तिचा पहारेकरी

'किटली' हा शब्द आपल्या भाषेंत इंग्रजींतून आला. पण येतांना त्यानें आपला मूळचा धंदा मागेंच ठेविला. इंग्रजाच्या घरीं किटली म्हणजे नुसतें पाणी उकळण्याचें भांडें. आपला चहा होतो पातेल्यांत, पाणी, दूध, साखर व आलें एकत्र उकळून. किटलींत तो ओतावयाचा तो नेण्याआणण्यासाठीं. हॉटेलांतील पोऱ्याच्या हातची ॲल्युमिनियमची किटली ही भारवाहक आहे, आचारी नव्हे. स्नानाच्या पाण्याला बंब आणि चहाला पातेलें अशी वांटणी झाल्यावर तिसऱ्या भांड्याला आपल्या घरांत जागा उरली नव्हती. ती आतां विजेच्या किटलीनें मिळविली आहे. ही किटली घेतांना रंग, आकार व किंमत पाहिली जाते. तिचा इतिहास ठाऊक असता तर आणखी एक गोष्ट आधीं पाहिली गेली असती.

1893 सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत विजेवर चालणारें एक सबंध स्वयंपाकघर मांडलें होतें. त्याच सुमारास इंग्लंडांतील क्रॉम्प्टन कंपनीच्या सूचिपत्रांतही विजेच्या किटल्या दिसूं लागल्या. या किटल्यांतील तापणारी तार पाण्यांत नसे; तळाखालीं वेगळा कप्पा करून तींत ती बसवीत. त्यामुळें बरीचशी उष्णता पाण्याला न मिळतां वायां जाई, आणि साध्या किटलीपुढें या नव्या बाईसाहेब मंदच ठरत. 1906 सालीं अमेरिकेंत आल्बर्ट मार्श यांनीं निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचें पेटंट घेतलें, आणि लाल होईपर्यंत तापूनही लवकर न झिजणारी तार हातीं आली. 1909 सालीं जर्मनींत पेटर बेहरेन्स या कलावंतानें किटलीला इतकें देखणें रूप दिलें कीं त्या किटल्या आज संग्रहालयांत मांडल्या जातात. रूप सुधारलें, स्वभाव तोच राहिला.

खरा पालट 1922 चा. बर्मिंगहॅमच्या बुलपिट कंपनींतील लार्ज नांवाच्या अभियंत्यानें ती तार धातूच्या नळींत बंद करून नळीच पाण्यांत बुडविली. आतां उष्णता थेट पाण्यांत जाऊं लागली. पण त्याबरोबर एक नवें संकट उभें राहिलें. पाणी असेपर्यंत तें नळीची उष्णता ओढून घेतें, आणि उघड्या भांड्यांतलें पाणी शंभर अंशांवर फारसें चढत नाहीं. म्हणजे पाणी हेंच नळीचें रक्षण करीत असतें. तें आटलें कीं नळी कांहीं क्षणांत लाल होते. चुलीवरचें भांडें करपलें तर सरपण ओढून घेतां येतें आणि तें न ओढलें तरी केव्हां तरी विझतें. वीज आपण होऊन विझत नाहीं.

कोरड्या किटलीची वीज तोडण्याच्या योजना पूर्वींही होत्या. पण त्या अपघाताच्या उंबरठ्यावर जाग्या होत. 1955 सालीं इंग्लंडांतील रसेल हॉब्स कंपनीनें आणलेल्या किटलींत पाणी उकळतांच वाफ एका पट्टीकडे नेली होती. ही पट्टी दोन धातूंची. दोन्ही सारख्या प्रमाणांत प्रसरण पावत नाहींत म्हणून ती वांकते आणि बटण पाडते. दनी पापँ यानें 1679 सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वाफेच्या दाबाचें भांडें, आपल्या कुकराचा पूर्वज, मांडलें तेव्हां त्याला जादा वाफ सोडणारी झडपही जोडली. विजेच्या किटलीला पहारेकरी मिळण्यास मात्र साठ वर्षें लागलीं.

हा पहारेकरी पाण्याला नव्हे, वाफेला ओळखतो, हें ध्यानांत ठेवावें. झांकण उघडें राहिलें तर वाफ वाटेंतच निसटते आणि बटण पडत नाहीं. दूधही त्यांत तापवूं नये. तें तळाला करपतें आणि फेस वाफेच्या वाटेंत शिरतो. विहिरीच्या जड पाण्यानें तळाशीं चुन्याचा पांढरा थर बसतो. लिंबाचा रस घातलेलें पाणी उकळून कांहीं वेळ ठेविल्यास तो सुटतो. एक लिटर पाणी पंचवीस अंशांवरून उकळीस आणण्यास 1500 वॅटच्या किटलीला सुमारें साडेतीन मिनिटें लागतात. तेव्हां एका पेल्यासाठीं ती कांठोकांठ भरणें हा उधळेपणाच. अशी किटली 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढते. तिला दिव्याचा सहा अँपिअरचा लहान सॉकेट देऊं नये, सोळाचा मोठा द्यावा.

हें आम्ही शहाणपणानें शिकलों असें नाहीं. आमच्या घरच्या वृद्ध मावशींना रात्रीं ऊन पाणी लागे, म्हणून स्वस्तांत मिळाली ती किटली आणिली. एके रात्रीं त्यांनीं ती लाविली आणि डोळा लागला. जळक्या वासानें आम्ही उठलों तेव्हां तळ काळा पडला होता आणि ओट्यावरचा पुठ्ठा धुमसत होता. मावशी आठवडाभर पाणी मागत नव्हत्या. तहान लागली तरी गप्प राहत.

दुसरी किटली घेतांना आम्ही दुकानांतच तींत आंतल्या खालच्या खुणेइतकें पाणी घालावयास सांगितलें आणि 'टक्' असा आवाज होईपर्यंत उभे राहिलों. दुकानदार हंसला; पण पाणी त्यानेंच आणून दिलें.