सतरंजी, अकोटची

सतरंजी, अकोटची : अकोला जिल्ह्यातील अकोट येथे विणले जाणारे जाड सुती बैठकीचे अंथरूण. सातपुड्याच्या पायथ्याशी, नरनाळा किल्ल्याच्या दक्षिणेस वसलेले हे तालुक्याचे ठिकाण कापसाची बाजारपेठ म्हणून सर्वांना माहीत आहे. ब्रिटिश काळातील गॅझेटियरांत मात्र अकोट आणि बाळापूर ही नावे सुती सतरंज्यांसाठीही येतात. बाळापूरची पागोटी अधिक गाजली. अकोटच्या वाट्याला आली ती लग्नकार्यात, भजनात, ग्रामसभेत सगळ्यांच्या पायाखाली अंथरली जाणारी वस्तू, आणि म्हणूनच तिच्या विणीकडे कोणी फारसे बारकाईने पाहिले नाही.

गालिच्यात ताण्याला (उभ्या धाग्यांना) गाठी मारून लव उभी करतात. जाजम म्हणजे अंथरायचे साधे किंवा छापील कापड. सतरंजीला लव नसते आणि तिचे नक्षीकाम छापलेलेही नसते. रंग विणीतूनच येतो, त्यामुळे चांगली सतरंजी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते आणि एक बाजू मळली की उलटून वापरता येते.

कच्चा माल : वऱ्हाडच्या देशी कापसाचा तंतू आखूड आणि राठ. लिव्हरपूलच्या बाजारात उमरावतीच्या (आजच्या अमरावतीच्या) नावावरून त्याला ‘ऊमरा’ म्हणत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) तिकडचा कापूस अडला, तेव्हा या मालाला मोठी मागणी आली. एरवी लँकेशायरच्या गिरण्या त्याला दुय्यम प्रतीचा मानत, कारण त्याचे बारीक सूत निघत नाही. सतरंजीला बारीक सूत लागतच नाही. तिला लागते जाड, रगडा सोसणारे सूत, आणि ते हा कापूस उत्तम देतो. वऱ्हाडच्या कापसाची प्रत केवळ धोतर-साडीच्या मापाने ठरवली गेली, हा त्याच्यावर झालेला अन्यायच होता. सुताचा नंबर काढण्याची रीत अशी : एका पौंडात 840 यार्डांची एक लड बसली तर एक नंबर, दहा लडी बसल्या तर दहा नंबर. दहा नंबरचे सूत किलोमागे सुमारे 17 किलोमीटर भरते. नंबर जितका लहान तितके सूत जाड. सतरंजीसाठी साधारण सहा ते दहा नंबरचे सूत दोन-तीन किंवा अधिक पदरी करून वापरतात.

रचना : माग जमिनीलगत आडवा असतो. दोन तुळयांमध्ये ताणा खेचून बसवतात. दोऱ्यांच्या फासांनी एकाआड एक ताणे उचलले की मधल्या फटीतून बाणा, म्हणजे आडवा धागा, घालतात आणि लोखंडी पंजाने तो ठोकून खाली बसवतात. वीण साधीच, एक वर एक खाली. पण बाणा इतका दाटून बसवलेला असतो की ताणा पूर्ण झाकला जातो. डोळ्यांना दिसतो तो सगळा बाणा. सतरंजीचे आयुष्य मात्र न दिसणाऱ्या ताण्यावर ठरते. म्हणून ताण्याचे सूत बाण्यापेक्षा अधिक पीळ दिलेले असावे लागते.

विणकराचे खरे कसब बाणा टाकण्यात आहे. तो सरळ ताणून घातला तर प्रत्येक ओळीला काठ थोडा थोडा आत ओढला जातो आणि सतरंजी मध्येच कंबर आवळल्यासारखी अरुंद होते. म्हणून बाणा कमानीसारखा सैल टाकतात आणि ठोकताना ती ढील ताण्यांमधून जिरवतात. काठाचे ताणे दुहेरी घेतात, कारण तिथे बाणा वळतो आणि झीज सर्वांत आधी तिथेच सुरू होते. आडव्या पट्ट्यांसाठी बाणा काठापासून काठापर्यंत जातो. त्रिकोण, चौकटी किंवा पायऱ्यांची नक्षी हवी असेल तर प्रत्येक रंगाचा बाणा आपापल्या हद्दीत फिरवावा लागतो. दोन रंगांचे बाणे शेजारशेजारच्या वेगवेगळ्या ताण्यांवरून परतले तर मध्ये उभी चीर राहते. एकाच सामाईक ताण्यावर आळीपाळीने वळवले किंवा एकमेकांत अडकवले तर जोड पक्का होतो.

पारख : रंग पाहून सतरंजी घेऊ नये. आधी ती उजेडासमोर धरावी. कुठे ताण्याचे पांढरे ठिपके डोकावत असतील, किंवा नक्षीच्या कडेने उजेडाच्या रेषा येत असतील, तर वीण विरळ किंवा जोड कच्चे आहेत. दोन बोटांनी बाणा सरकवून पाहावा. सरकला तर ठोक कमी पडली आहे. मग लांबीत आणि रुंदीत घडी घालून कोपरे जुळवावेत. थोडा फरक हातमागाला क्षम्य आहे, पण जमिनीवर टाकल्यावर काठ लाटेसारखे उठत असतील तर ताण सारखा नव्हता आणि हा दोष धुऊनही जात नाही. सारख्या मापाच्या दोन सतरंज्यांत जड ती सहसा चांगली. मात्र खळ घालूनही वजन वाढवता येते : कापड चोळल्यावर पांढरी भुकटी झडली, तर ते वजन सुताचे नव्हे. शेवटी दशा पाहाव्यात. त्या ताण्याच्याच असतात, म्हणजे लपलेला ताणा फक्त तिथेच हाताला लागतो. त्याचा पीळ उलगडून पाहावा, हलक्या झटक्याने तुटतो का ते पाहावे. एक तंतू जाळला तर सुताला कागदासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. वितळून कडक मणी झाला तर त्यात पॉलिएस्टर आहे.

रंग : पूर्वी निळीचा निळा आणि आल किंवा मंजिष्ठा या वनस्पतींच्या मुळांचा लाल वापरत. 1868 मध्ये जर्मन रसायनज्ञांनी अ‍ॅलिझरीन हे लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार केले आणि काही वर्षांतच आलीची लागवड मोडीत निघाली. पक्का रंग ओळखायला ओला पांढरा रुमाल लाल पट्ट्यावर घासून पाहणे पुरते. लाल फुटला तर पहिल्याच धुण्यात पांढरे पट्टे गुलाबी होतात.

संरक्षण व स्पर्धा : 1985 च्या हातमाग आरक्षण कायद्याखाली सतरंजी हातमागासाठी राखीव आहे, 1996 मध्ये राखीव वस्तूंची यादी 22 वरून 11 वर आली तेव्हाही ती यादीत राहिली. 2006 पासून हातमागाच्या मालाला ‘हँडलूम मार्क’ ही खूण मिळते. तरीही पानिपतकडचा, चिंध्यांपासून पुन्हा कातलेल्या सुताचा स्वस्त माल हातमागाच्या सतरंजीपुढे येतो. असे सूत आखूड तुकड्यांचे असल्याने लवकर केसाळते. संरक्षणाची आणखी एक वाट भौगोलिक मानांकनाची : तेलंगणातील वरंगलच्या दरीला (तिकडच्या सतरंजीला) 2018 मध्ये ते मिळाले. धारवाड जिल्ह्यातील नवलगुंदच्या दरीलाही ते आहे.

निगा : लोकरीच्या गालिच्याला लागणारी कसर सुताला लागत नाही, सतरंजीचे शत्रू वाळवी, ओल आणि उंदीर. ती थंड पाण्यात धुवावी, सावलीत वाळवावी आणि नेहमी त्याच रेषेवर घडी न घालता गुंडाळून ठेवावी.